मंजुरीची फाईल दाबून बसलेल्यांस इशारा

हा मजकूर तिघांसाठी आहे. कोठडीतल्या माणसाला मारून ‘वर्दी आहे, काय होते’ म्हणत निवांत झोपणारा पहिला. त्याच्यावर खटला भरण्याच्या मंजुरीची फाईल टेबलावर असताना तिच्यावर ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा मारून ती ढिगाच्या तळाशी सरकवणारा दुसरा. ती तिथेच राहावी म्हणून मुंबईला फोन लावणारा पुढारी तिसरा. तिघांनीही सावकाश वाचावे. समजले नाही तर वकिलाकडून समजावून घ्यावे. फी तुम्हाला परवडेल.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम १९७ होते, ते हिच्यात कलम २१८ झाले. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना, किंवा बजावतो आहे असे दाखवताना, गुन्हा केल्याचा आरोप असेल तर शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने त्याची दखल घेऊ नये, हा मूळ नियम कायम राहिला. पण त्याला एक ओळ नवी जोडली गेली. मंजुरीची मागणी मिळाल्यापासून १२० दिवसांत शासनाने निर्णय द्यायचा. दिला नाही तर मंजुरी दिली असे मानले जाईल. ही ओळ तुमच्यापैकी अनेकांनी अजून वाचलेलीच नाही, असे तुमच्या वागण्यावरून दिसते.

मंजुरीची फाईल कशी मरते, ते आम्हाला आता पाठ झाले आहे. प्रस्ताव निघतो, आवक शिक्का बसतो, कार्यासनावर टिपणी होते. टिपणीत एक जोडपत्र कमी निघते, म्हणून ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’. जोडपत्र येईपर्यंत बदल्यांचा हंगाम येतो आणि टेबलावरचा माणूस बदलतो. नवा साहेब विधी व न्याय विभागाचा अभिप्राय मागवतो. अभिप्राय येतो तेव्हा त्यात ‘प्रशासकीय विभागाने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा’ एवढेच लिहिलेले असते. मग अधिवेशन लागते, मग आचारसंहिता लागते. नकार मात्र कुणी देत नाही, कारण नकाराला कारण लिहावे लागते आणि लिहिलेले कारण उच्च न्यायालय तपासते. म्हणून फाईल नाकारायची नाही, भिजत ठेवायची. तिकडे शवविच्छेदन करणारा डॉक्टर निवृत्त होतो, शेजारच्या कोठडीतला साक्षीदार सुटून सुरतेला कामाला जातो आणि मेलेल्याची आई तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहते. १२० दिवसांच्या ओळीने या भिजत ठेवण्यावर पहिल्यांदा तारीख टाकली आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी अंगाला लावून घेणार नाही. हे कवच असायलाच हवे. वर्धा आणि पूर्णा नद्यांच्या पात्रात रात्री वाळूचे टिप्पर अडवणारा तलाठी, दुकानदारांच्या शिव्या खात अतिक्रमण काढणारा मुख्याधिकारी, दंगलीत गोळीबाराचा आदेश द्यावा लागलेला दंडाधिकारी, यांच्यावर उद्या कुणीही उठून खोटा फौजदारी दावा ठोकला तर राज्य चालणार नाही. प्रामाणिक माणसाला निर्धास्तपणे काम करता यावे म्हणून कायद्याने मंजुरीचे दार ठेवले. पण १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गिल खटल्यात या दाराची चौकट आखून दिली. न्यायाधीश निकाल देतो ते त्याचे काम, लाच घेतो ते त्याचे काम नव्हे. सरकारी डॉक्टर रोग्याला तपासतो ते काम, तपासता तपासता त्याचा खिसा कापतो ते काम नव्हे. १९५५ मध्ये मातजोग दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली, की केलेले कृत्य आणि कर्तव्य यांचा वाजवी संबंध असला पाहिजे. चौकशी करणे हे फौजदाराचे कर्तव्य. पट्ट्याने तळपाय फोडणे कुठल्या कर्तव्याच्या यादीत बसते, ते त्याने शपथेवर सांगावे.

हे रिद्धपुरातून का लिहायचे, असे कुणी विचारेल. मोर्शी तालुक्यातले गाव, वरून मराठी भाषा विद्यापीठाची पाटी आत्ता आत्ता लागलेली. पण सत्ताधाऱ्याच्या दप्तराबाहेर नोंद ठेवण्याचे काम या गावात सातशे वर्षांपूर्वी झालेले आहे. देवगिरीच्या यादवांचा हेमाद्री हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचे सगळे दप्तर ज्याच्या हाताखाली, असा माणूस. महानुभावांच्या परंपरेत पैठणच्या सभेची हकीकत आहे. चक्रधरस्वामींना सभेत आणून दोषी ठरवणाऱ्यांत हा हेमाद्री अग्रभागी होता, असे ती परंपरा सांगते. राज्याच्या दप्तरात त्याबद्दल कोण काय लिहिणार होते? पण म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून आणि गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले आणि ऐकले त्यांना विचारून चक्रधरांचे लीळाचरित्र उभे केले. जे एकाला आठवत नव्हते ते दुसऱ्याला विचारले. मूळ पोथी धाडीत गेली, तरी पाठांतरातून ती पुन्हा लिहिली गेली. हेमाद्रीवर खटला भरण्याची सोय त्या काळी नव्हती. साक्ष मात्र टिकली, आणि दप्तराच्या मालकाचे नाव दुसऱ्यांच्या दप्तरात कसे लागले ते आज शाळेतले पोरही वाचते. तेव्हा आमच्याकडे कागद नाहीत, या भ्रमात राहू नये.

आता चिमूरकडे या. तुम्हाला वाटते की मंजुरीचा हा खेळ तुम्ही शोधून काढला. बाप्पाहो, तो गोऱ्यांनी तुमच्या आधी खेळून ठेवला आहे, आणि आपल्याच मुलखात.

१५ ऑगस्ट १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोने एक वटहुकूम काढला, सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा. गोळी घालून माणूस मारण्यापर्यंतचे अधिकार सैनिकी अधिकाऱ्यांना मिळाले आणि त्या कृत्यांबद्दल केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून खटला भरता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी, नागपंचमीला, चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात मिरवणूक निघाली. तुकडोजी महाराजांचा मुक्काम त्या चातुर्मासात चिमुरात होता, त्यांच्या भजनांनी गाव पेटलेले. पोलिसांनी गोळी चालवली, बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा पडला. खवळलेल्या जमावाने सरकारी अंमलदार मारले. ते खूनच होते आणि त्याबद्दल सरकारने खटले भरले, फाशीच्या शिक्षा ठोठावल्या. त्या पुढे लोकांच्या रेट्यामुळे जन्मठेपेत बदलल्या गेल्या. सरकारचा माणूस मेला तर कायदा किती झपाट्याने पळतो, ते इथे पाहून ठेवा.

काही दिवसांतच लष्कर गावात आले. पुरुष पकडून नेले, घरे लुटली गेली आणि मागे उरलेल्या बायकांवर अत्याचार झाले. तशा तक्रारी नागपूरहून गेलेल्या डॉ. मुंजे यांच्यासारख्या लोकांपुढे आणि नागपूरच्या महिलांपुढे त्या बायकांनी स्वतः सांगितल्या. त्या काळात, त्या गावात, एका बाईने हे तोंडाने सांगायचे म्हणजे काय, ते ज्याला कळत नाही त्याने पुढचे वाचू नये. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने काय केले? चौकशी नाकारली. आरोप कुणावर आहेत आणि ते खरे की खोटे, इथपर्यंत जायचेच नाही, असे ठरवले. दारावरच अडवले की आत काय झाले ते कुणाला दिसत नाही.

सेवाग्राम आश्रमातले जयकृष्ण भणसाळी हे तेव्हा उठले. एकेकाळी मौनव्रतासाठी तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतलेला हा माणूस. ते दिल्लीला गेले. आपल्या वणीचे बापूजी अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भणसाळींनी त्यांच्याच दारात बसून मागितले ते एवढेच, की चिमूरची जाहीर चौकशी करा. त्यांना पकडून सेवाग्रामला आणून सोडले. ते पायी चिमूरकडे निघाले, पुन्हा पकडले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत ६३ दिवस त्यांचे उपोषण चालले. सरकारने उपोषणाची बातमी छापायला बंदी घातली. त्या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या वर्तमानपत्रांनी अंकच काढले नाहीत. शेवटी बातम्यांवरची बंदी उठली, चिमूरला जायची मोकळीक मिळाली. ज्यांच्यावर बायकांनी बोट ठेवले त्यांच्यावर खटला मात्र झाला नाही. ६३ दिवसांच्या उपवासाने वर्तमानपत्रांचे तोंड उघडले, मंजुरीचे दार उघडले नाही.

लिनलिथगो गेला, त्याचा वटहुकूम राहिला. १९५८ मध्ये आपल्याच संसदेने तो नव्या कपड्यांत आणला आणि ईशान्येला लावला. त्याचे कलम ६ म्हणजे तेच मंजुरीचे कुलूप. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या ओटिंगमध्ये खाणीतून घरी परतणारे मजूर लष्कराच्या गोळीबारात मारले गेले. राज्याच्या पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती कार्यवाही बंद करावी लागली. चिमूरच्या बायकांचे एक देणे मात्र उशिरा का होईना फिटले. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्कार आणि इतर लैंगिक गुन्ह्यांसाठी कलम १९७ ची मंजुरी लागणारच नाही, असे स्पष्ट झाले. नव्या संहितेतही ते कायम आहे. कोठडीतल्या बाईच्या अंगाला हात लावणाऱ्या कुठल्याही पोलिसाला शासनाची सही वाचवू शकत नाही. हे तुमच्या ठाण्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पद गेल्यावर काय, असे विचारणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचेच उदाहरण आहे. सिमेंट वाटपाच्या बदल्यात विश्वस्त संस्थांना देणग्या, या आरोपावरून मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. रामदास नायकांनी फौजदारी तक्रार केली. राज्यपालांची मंजुरी हवी की नको, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ फेब्रुवारी १९८४ रोजी घटनापीठाने सांगितले, की ज्या पदाचा गैरवापर केला ते पद सुटले असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली मंजुरीची गरज नाही. अंतुल्यांना पुढे शिक्षा झाली नाही, खटला वेगळ्याच वळणांनी संपला; पण नियम जन्माला आला. तुमच्या वरच्या लोकांना तो किती झोंबला, ते २०१८ मध्ये दिसले. संसदेने कायदा दुरुस्त केला आणि निवृत्त लोकसेवकालाही मंजुरीचे छत्र दिले, शिवाय चौकशी सुरू करण्याआधीच परवानगी घेण्याचे कलम १७ अ घातले. महाराष्ट्राने तर २०१६ मध्येच राज्यापुरती दुरुस्ती करून दंडाधिकाऱ्याला लोकसेवकाविरुद्ध पोलीस तपासाचा आदेश देण्यापूर्वी मंजुरीची अट घातली होती, ९० दिवसांच्या मुदतीसह. घरातली दारे एकेक करून बंद करत आणली, हे आम्हाला दिसते.

आता घराबाहेरचे ऐका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुले जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत आहेत. निवृत्तीनंतर नातवंडे सांभाळायला तिकडे जायचे बेत आहेत. तिथल्या न्यायालयात मंत्रालयातली फाईल चालत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात पदावर असेपर्यंत संपूर्ण संरक्षण मिळते ते राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर बेल्जियमने काढलेले अटक वॉरंट आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ रोजी याच कारणाने बेकायदा ठरवले. ठाणेदार, जमादार, उपविभागीय अधिकारी या यादीत कुठे आहेत, ते शोधून पाहा. बाकीच्यांना उरते ते ‘मी देशाच्या वतीने केले’ म्हणण्याचे संरक्षण, आणि ते दिवसेंदिवस विरत चालले आहे. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे १९९८ मध्ये उपचारासाठी लंडनला गेला आणि तिथेच अटकेत पडला. २४ मार्च १९९९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाने सांगितले, की छळ करणे हे माजी राष्ट्रप्रमुखाचेही संरक्षित काम होऊ शकत नाही. आजारपणाच्या सबबीवर तो मायदेशी सुटला, ही गोष्ट वेगळी. २० जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने मतदानाने मसुदा कलम ७ मंजूर केले. नरसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, वर्णभेद, छळ आणि माणसे गायब करणे, यांना कामाच्या नावाखाली संरक्षण नाही, असे ते म्हणते. बाजूने २१, विरोधात ८, तटस्थ १. विरोध करणाऱ्यांत आयोगावरचा भारतीय सदस्यही होता.

मोठ्यांचे सोडा, लहानांचे सांगतो, कारण तुम्ही लहान आहात. अफगाण सैन्यातल्या एका लेफ्टनंटने कैद्यांचा छळ केला. तो जर्मनीत सापडला. २८ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने स्पष्ट केले, की खालच्या दर्जाच्या परकीय अधिकाऱ्याला युद्धगुन्ह्यांसाठी असले संरक्षण लागू नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोब्लेंझच्या न्यायालयाने सीरियाच्या एका हवालदाराच्या पायरीच्या माणसाला साडेचार वर्षे दिली. त्याने केले काय होते? निदर्शकांना पकडून, किमान ३० जणांना, बसमधून छळाच्या तुरुंगात पोचवले होते. ‘मी फक्त गाडीत बसवले’ हे उत्तर तिथे पुरले नाही. आणि शेजारचा माणूस हवा असेल तर नेपाळचा कर्नल कुमार लामा घ्या. जानेवारी २०१३ मध्ये तो इंग्लंडमध्ये आपल्या कुटुंबाकडे सुटीला आला होता. तिथेच त्याला नेपाळमधल्या छळाच्या आरोपावरून पकडले, कारण ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे सरकारी माणसाने जगात कुठेही केलेला छळ तिथे गुन्हा आहे. नेपाळ सरकारने निषेध केला, काही उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये तो सुटला. तोपर्यंतची वर्षे कशी गेली असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने उभे केले, त्या रोम कराराचा भारत सदस्य नाही. १९९८ च्या मतदानात आपण तटस्थ राहिलो. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. छळबंदीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केले आणि पुढे ते विरून गेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला, तोही पडून आहे. हे सगळे खरे. म्हणून हेगचे न्यायालय उद्या तुम्हाला उचलायला येणार नाही. पण फिलिपिन्सने २०१९ मध्ये त्या न्यायालयातून अंग काढून घेतले, तरी ११ मार्च २०२५ रोजी मनिला विमानतळावर माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना त्याच न्यायालयाच्या वॉरंटवर धरले. अमली पदार्थांच्या नावाखाली ‘चकमकी’ घडवणारे राज्य कायम आपल्या बाजूचे राहील, असे त्यांनाही वाटत होते.

इटलीच्या नौसैनिकांची आठवण करून देतो. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यालगत ‘एनरिका लेक्सी’ जहाजावरच्या दोघा इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी आपले दोन मच्छीमार मेले. इटली म्हणाली, ते आमचे सरकारी नोकर, कामावर होते, तुम्हाला खटला चालवता येणार नाही. अख्खा देश संतापला होता, चौकाचौकात संतापला होता. २०२० मध्ये लवादाने इटलीचे म्हणणे उचलून धरले आणि जून २०२१ मध्ये १० कोटी रुपयांच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयात प्रकरण मिटले. तेव्हा जे वाक्य आपल्याला इटलीच्या तोंडून विषासारखे लागले, तेच वाक्य मंत्रालयातल्या टिपणीत आपल्या माणसाबद्दल लिहिले जाते तेव्हा ते गोड कसे लागते?

आता परभणी. ख्वाजा युनूस, तिथला अभियंता, घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये मुंबई पोलिसांनी ताब्यात घेतला. जानेवारी २००३ मध्ये तो ‘पळाला’, असे पोलिसांनी सांगितले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात निघाले की पळून जाण्याची गोष्ट रचलेली होती. त्या तपासाने १४ पोलिसांवर बोट ठेवले. राज्य सरकारने खटल्याची मंजुरी दिली चौघांपुरती. बाकीचे दहा कसे गळाले, ते त्या आईने न्यायालयात विचारत आयुष्य काढले. वीस वर्षांहून जास्त काळ झाला, तिच्या मुलाचे प्रेतही तिला मिळाले नाही. छळ आणि माणूस गायब करणे, आयोगाच्या कलम ७ मधले दोन्ही शब्द एकाच घरात.

त्याच परभणीत १५ डिसेंबर २०२४ रोजी कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मेला. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या आंदोलनात त्याला पकडले होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरले, तरी गुन्हा नोंदवायला आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. तिची बाजू अकोल्याचे माजी खासदार प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. ४ जुलै २०२५ रोजी आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले आणि ३० जुलैला तिथून हात हलवत परत आले. युनूसच्या आईला बावीस वर्षांपूर्वी जे मिळाले नाही, त्यातली पहिली पायरी या आईला साडेसहा महिन्यांत मिळाली. काळ बदलतो आहे, त्याची ही तारीखवार खूण. पुढची पायरी मंजुरीची आहे आणि तिच्यावर अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे आहेत.

तेव्हा अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत लोकसेवकांवर खटला भरण्याच्या मंजुरीचे जे प्रस्ताव आज पडून आहेत, त्यांच्याबद्दल आमची मागणी लेखी घ्या. प्रत्येक प्रस्तावाची यादी, मागणी मिळाल्याच्या तारखेसह, शासनाने जाहीर करावी. आरोपीचे नाव नको असेल तर क्रमांक द्या, तारीख लपवू नका. खरी गंमत तारखेतच आहे. १२० दिवसांच्या आत होय किंवा नाही लिहावे. ‘नाही’ लिहाल तर सकारण लिहा, सहीखाली नाव आणि पदनाम टंकून लिहा. ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’ या शेऱ्याने दिवस थांबतात असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. तुमच्या मते थांबत असतील तर ते आम्हाला नको, नागपूर खंडपीठाला सांगा.

आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला आहे त्यांनाही बजावतो, कारण तुमच्या ढिलाईवर हे लोक जगतात. मंजुरीची मागणी हातोहात देऊ नका, पोच घ्या. पोचेवर तारीख आणि आवक क्रमांक नसेल तर ती पोच नाही. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण लगेच लेखी मागा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे ते १८ महिने जपायचे आहे, आणि यंत्रांची तेवढी ताकद नसेल तरी एका वर्षाखाली येता येत नाही. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तरही लेखी घ्या, तोच तुमचा पहिला पुरावा. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते, तहसीलदाराने नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. मध्यस्थ घरी येऊन पैशाची पिशवी ठेवेल. त्याच्यासमोर शेजारच्या दोघांना बोलावून बसवा आणि मग त्याला पुन्हा बोलू द्या.

हा मजकूर छापून येईल तो दिवस आम्ही पहिला धरतो. १२० वा दिवस संपेपर्यंत कुणाच्याही दारात घोषणा होणार नाहीत, रस्ता अडवला जाणार नाही, निवेदनाचा फोटो छापला जाणार नाही. १२१ व्या दिवशी सकाळी न्यायालयाचा दरवाजा उघडला की ज्या ज्या कुटुंबाकडे १२० दिवस उलटलेल्या तारखेची पोच आहे ते आपल्या तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज ठेवेल. पोच जोडलेली असेल, मंजुरी मिळाली आहे असे मानून दखल घ्यावी अशी विनंती असेल, आणि फाईल त्या १२० दिवसांत ज्या ज्या टेबलावर होती त्या त्या अधिकाऱ्याचे नाव माहिती अधिकारात मागवणारा दुसरा अर्ज त्याच दिवशी टपालात पडेल.